फ्लॉपीत अडकलेली हजेरी



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी दहावीपर्यंत शाळेत शिकलो. त्यापुढचे माझे शिक्षण गिरणीच्या रिंग खात्यात आणि नंतर युनियनच्या कचेरीत झाले. चालकांनी मला कामगार चळवळीच्या भवितव्यावर बोलावयास सांगितले होते. भवितव्याविषयी मला फारसे ठाऊक नाही. भूतकाळातले काही कागद मात्र गेल्या दोन वर्षांत मला धडपडून बाहेर काढावे लागले, त्याविषयी बोलतो. ते कागद कागदावर नव्हते, फ्लॉपीवर होते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अशा फ्लॉप्या आजही पडून असतील. कोणाचा प्रबंध असेल, कोणाच्या संस्थेचे हिशेब, कोणाच्या वडिलांच्या कविता. तेव्हा माझा अनुभव तुमच्याही उपयोगी पडेल, अशा समजुतीने हा विषय घेतला आहे.

प्रथम प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यात एक सूतगिरणी होती. ती १९९१ च्या दिवाळीत सुरू झाली आणि १९९८ च्या मार्चमध्ये बंद पडली. पुढे तिच्यावर अवसायक आले, आणि अवसायनाचे काम कसे चालते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी वेगळे सांगावयास नको. एक पिढी म्हातारी झाली. जुलै २०२४ मध्ये बदली कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दावे सुनावणीस आले, आणि तेव्हा कळले की गिरणीचे हजेरीचे मस्टर गळक्या गोदामात भिजून लगदा झाले आहे.

बदली कामगाराला मस्टर म्हणजे काय, हे येथे थोडे थांबून सांगणे जरूर आहे. कायम कामगाराची नोकरी कागदावर असते. बदली कामगार रोज पाळीच्या वेळी दारात उभा राहतो आणि कोणी गैरहजर असेल तर त्याला आत घेतात. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावयाचा. पण बदलीवाल्याचे वर्ष धरावयाचे तर त्या वर्षात त्याचे २४० दिवस भरले पाहिजेत. सोलापूरच्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली हे स्पष्ट केले. म्हणजे दिवस मोजून दाखविता आले तर हक्क, नाही तर नाही. आणि मोजून दाखवावयाचे कशावरून? मस्टरवरून.

आमच्या युनियनने १९९२ पासून स्वतःची हजेरी ठेवली होती. एक जुना संगणक आम्ही पैसे जमवून घेतला होता, आणि बी. कॉम. झालेला एक मुलगा दर महिन्याला पगारपत्रकावरून प्रत्येक बदलीवाल्याचे दिवस त्यात भरीत असे. त्यावेळी आमच्याच काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला दोष दिला होता. कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात संगणकाविरुद्ध लढा दिला, आणि तू तोच राक्षस कचेरीत आणून बसविलास, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. पण २०२४ साली कचेरीच्या माळ्यावरून मी एक पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यात ३४ फ्लॉप्या निघाल्या, तेव्हा तो राक्षसच आमचा एकमेव साक्षीदार उरला होता.

आता फ्लॉपी म्हणजे काय ते पाहू. गाण्याची कॅसेट आपण सर्वांनी हाताळली आहे. तिच्यातील तपकिरी फितीवर लोहाच्या भस्माचा लेप असतो आणि त्या लेपात चुंबकत्वाच्या रूपाने गाणे साठविलेले असते. तीच फीत लांब न ठेवता पातळ गोल चकतीच्या आकारात कापली, म्हणजे फ्लॉपी झाली. आय. बी. एम. कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि १९८१ मध्ये सोनी कंपनीची साडेतीन इंची. सव्वापाच इंचीचे वेष्टन लवचीक असते, वहीच्या पुठ्ठ्यासारखे वाकते. साडेतीन इंची कडक प्लॅस्टिकच्या डबीत असते आणि तिला पत्र्याचे सरकते दार असते. सोनीने फ्लॉपी काढणे २०११ मध्ये बंद केले. सरकारी कामात फ्लॉपी देण्याची सक्ती करणारे नियम जपानने २०२४ मध्ये रद्द केले. म्हणजे ही वस्तू आपण समजतो तितकी प्राचीन नव्हे.

चकतीवर एकात एक अशी वर्तुळे कल्पावी. त्यांना ट्रॅक म्हणतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच रेघ मळसूत्रासारखी आत जाते, येथे प्रत्येक वर्तुळ स्वतंत्र असते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूस अशी ८० वर्तुळे असतात आणि प्रत्येक वर्तुळाचे १८ खण पाडलेले असतात. एका खणाला सेक्टर म्हणतात. त्यात ५१२ अक्षरे मावतात. ८० गुणिले २ गुणिले १८ गुणिले ५१२, म्हणजे १४,७४,५६० अक्षरे. आज तुमच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र मावण्यास अशा दोन-तीन फ्लॉप्या लागतील. पण एका गिरणीतील सगळ्या बदलीवाल्यांची वर्षाची हजेरी मावून तीत वर भरपूर जागा उरत असे. माणसाच्या कष्टाची नोंद फार जागा घेत नाही, त्याच्या छायाचित्राला मात्र लागते.

अगदी बाहेरचे वर्तुळ विशेष महत्त्वाचे असते. चाळीच्या दाराशी कोणत्या खोलीत कोण राहतो याची पाटी असते ना, तशी पाटी तेथे असते. कोणती फाइल, तिचे नाव काय, ती कोणत्या खणापासून सुरू होते आणि पुढे कोणकोणत्या खणात गेली आहे, हे सर्व तेथे लिहिलेले असते. खणांच्या साखळीचा तक्ता तर दोन प्रतींत लिहिलेला असतो, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. हा बाहेरचा भाग खराब झाला की संगणकाला फ्लॉपी कोरी वाटते. पाटी पुसली गेली, पण खोल्यांत माणसे तशीच आहेत, असा तो प्रकार असतो.

आणि येथेच पहिला घात होतो. आमचाही झाला. पेटी सापडली त्याच आठवड्यात मी उत्साहाच्या भरात दोन फ्लॉप्या घेऊन एका दुकानात गेलो. तेथील मुलाने १९९५ ची फ्लॉपी यंत्रात घातली. पडद्यावर प्रश्न आला : ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करावयाची काय? त्या मुलाने, तरुण माणसाच्या सवयीप्रमाणे, न वाचता 'हो' म्हटले. मिनिटभर यंत्र गुरगुरले आणि फ्लॉपी खरोखरच कोरी झाली. त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याचा जन्म गिरणी बंद झाल्यानंतरचा होता, आणि मी स्वतः शेजारीच उभा होतो. पण श्रोतेहो, एवढे एक ध्यानात ठेवा. तो प्रश्न आला की उत्तर 'नाही'. झटपट फॉरमॅट केले तर नुसती पाटी पुसली जाते आणि आतले काही वाचविता येते. पण पुरते फॉरमॅट केले की प्रत्येक खणावर नवे लिखाण होते आणि जुने गेले ते गेलेच.

यास्तव यंत्रात घालण्यापूर्वी फ्लॉपीला लिहिण्याची बंदी करावी. गंमत अशी की याची रीत दोन्ही जातींत उलटी आहे. सव्वापाच इंचीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती झाकली म्हणजे लिहिणे बंद. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यात सरकती खिटी असते. ती सरकवून भोक उघडे केले म्हणजे लिहिणे बंद. खाच झाकताना पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. काही यंत्रे उजेडाच्या किरणाने खाच तपासतात, आणि किरण पट्टीतून आरपार जातो. काळी पट्टी लावावी.

त्याच्याही आधी डोळ्यांनी पाहणे. साडेतीन इंचीचे दार बोटाने सरकवावे, चकती मधल्या चकरीने हळूहळू फिरवावी आणि उजेडात तिरपी धरून बघावी. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. आपल्या हवेत, विशेषतः ज्या घरांत पावसाळ्यात चामड्याच्या चपलांना बुरशी येते त्या घरांत, ती हटकून असते. फ्लॉपीच्या यंत्राचे वाचणारे डोके चकतीला प्रत्यक्ष टेकलेले असते आणि चकती मिनिटाला ३०० फेरे फिरते. बुरशी तशीच ठेवून फ्लॉपी आत घातली तर ती खरवडली जाते, लेपही बरोबर निघतो, आणि घाण डोक्याला चिकटून पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढते. आमच्या सात फ्लॉप्यांना बुरशी होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने त्या एकेक करून पुसल्या आणि सावलीत पुरत्या वाळविल्या. हे काम आमच्या कचेरीतील एका भगिनीने केले. ती पूर्वी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, आणि तुटलेला धागा हलक्या हाताने जोडण्याची तिची सवय येथे कामास आली. कोणत्याही फ्लॉपीनंतर यंत्राचे डोकेही त्याच अल्कोहोलने पुसून घ्यावे.

आता यंत्राचा प्रश्न. आजच्या संगणकाला फ्लॉपी घालावयाची फट नाही, एवढेच नव्हे तर फ्लॉपीचे यंत्र जोडण्याची सोयही त्याच्या पोटात उरलेली नाही. साडेतीन इंचीसाठी बाहेरून यू. एस. बी. ने जोडावयाचा छोटा ड्राइव्ह मिळतो. तो जोडला की काम सुरू होते. मोठ्या, सव्वापाच इंचीसाठी मात्र असा तयार ड्राइव्ह नाही. आमच्या पेटीत १९९२ ते १९९४ ची हजेरी मोठ्या फ्लॉप्यांवर होती, तेव्हा आमची गाडी येथे महिनाभर अडली. शेवटी भंगारातून एक जुना ड्राइव्ह मिळविला, आणि अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने ग्रीझवीझल नावाचे एक छोटे विद्युतफलक मागवून दिले. हे फलक एका बाजूने ३४ तारांच्या चपट्या पट्टीने जुन्या ड्राइव्हला जोडतात आणि दुसऱ्या बाजूने यू. एस. बी. ने संगणकाला. ड्राइव्हला वीज मात्र वेगळी द्यावी लागते, पाच आणि बारा व्होल्टची.

या फलकाची कामाची रीत मला फार आवडली. साधा ड्राइव्ह खण वाचतो. खण नीट लागला नाही तर 'वाचता येत नाही' म्हणून मोकळा होतो. हे फलक अर्थ लावीतच नाही. चकतीवर चुंबकत्वाची दिशा ज्या ज्या क्षणी पालटते ते क्षण तेवढे ते टिपून घेते, आणि त्यावरून अक्षरे जुळविण्याचे काम संगणकावर सोपविते. चांगला चौकशी अधिकारी आधी जबानी जशीच्या तशी लिहून घेतो आणि निष्कर्ष मागाहून काढतो, तसेच हे.

यंत्र जुळले तरी एकेक फाइल उचलून घेण्याचा मोह टाळावा. आधी सबंध फ्लॉपीची, तिच्या कोऱ्या खणांसकट, अखंड नक्कल करून घ्यावी आणि पुढचे सारे काम नकलेवर करावे. कारण जुन्या चकतीचे आयुष्य आता फेऱ्यांत मोजावयाचे असते. प्रत्येक वाचनात ती थोडी झिजते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. तो आधी जे खण सुखासुखी वाचता येतात ते घेतो, अडलेले मागे ठेवतो, आणि कोणता खण मिळाला व कोणता राहिला याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवतो. मग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्राइव्हवर, फक्त राहिलेल्या खणांवर पुन्हा प्रयत्न करता येतो. दुसरा ड्राइव्ह का, तर प्रत्येक ड्राइव्हच्या डोक्याची बैठक केसभर इकडे किंवा तिकडे असते. एकाला न दिसणारे दुसऱ्याला दिसते. आमच्या १९९६ च्या फ्लॉपीचे अकरा खण पहिल्या ड्राइव्हवर गेले होते, ते तिसऱ्या ड्राइव्हवर सर्वच्या सर्व आले.

त्या बी. कॉम. झालेल्या मुलाचे येथे ऋण मानले पाहिजे. तो प्रत्येक फ्लॉपीची हुबेहूब जुळी प्रत करून ठेवीत असे. जुळ्या प्रतीत खण खणाच्या जागी असतो, त्यामुळे एकीचा गेलेला खण दुसरीतून आणून बसविता येतो. पाच वर्षांची हजेरी आम्ही अशी पूर्ण केली. १९९५ ची जुळी तेवढी उपयोगी पडली नाही, कारण तिची बहीण त्या दुकानात कोरी झाली होती. त्याकडे मी शेवटी येतो.

नक्कल मिळाली, फाइल मिळाली, तरी ती उघडली पाहिजे. आमची हजेरी डीबेस नावाच्या त्या काळच्या कार्यक्रमात होती. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात ती आजही तक्त्यासारखी उघडते. १९९४ ची फाइल उघडली आणि ६१२ नावे आली. मला समाधान वाटले. पण माझ्याबरोबर काम करणारा विद्यार्थी चौकस होता. डीबेसच्या फाइलीच्या आरंभी एक मथळा असतो. त्यात एकूण किती नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद किती अक्षरांची आहे हे लिहिलेले असते. मथळा ६५३ नोंदी सांगत होता. त्याने गणित करून दाखविले. प्रत्येक नोंद ६१ अक्षरांची : तिकीट नंबराची ६, नावाची ३०, बारा महिन्यांच्या दिवसांची दोन दोन प्रमाणे २४, आणि एक खुणेचे. ६५३ गुणिले ६१ म्हणजे ३९,८३३. त्यात मथळ्याची ४८१ आणि शेवटच्या खुणेचे १ मिळविले की ४०,३१५. फाइलीची लांबी नेमकी ४०,३१५ होती. म्हणजे मथळा खोटे बोलत नव्हता. ६१२ वजा जाता उरलेली ४१ माणसे फाइलीत होती आणि तक्त्यात दिसत नव्हती.

ही माणसे कोठे गेली, याचे उत्तर त्या एका खुणेच्या अक्षरात आहे. डीबेसमध्ये नोंद काढून टाकली म्हणजे ती खरोखर पुसली जात नाही. नोंदीच्या आधीच्या त्या मोकळ्या जागी एक तारका पडते, आणि तारका असलेली नोंद कार्यक्रम दाखवीत नाही, इतकेच. ती कायमची जावी म्हणून 'पॅक' नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि जुन्या संगणकावर तिला वेळ लागत असे. आमच्या मुलाने ती कधीच दिली नव्हती. फाइल कच्च्या रूपात उघडताच ४१ तारका दिसल्या, आणि प्रत्येक तारकेपुढे नाव व बारा महिन्यांचे आकडे जसेच्या तसे.

ती नावे वाचताना मला आठवले. ती गिरणीने काढली नव्हती. ती मी काढावयास लावली होती. १९९४ च्या अखेरीस ज्यांची वर्गणी थकली होती त्यांना यादीतून कमी करा, असा आदेश मी दिला होता, आणि शिस्तीच्या गोष्टी सांगणारे एक परिपत्रकही काढले होते. त्यातील बहुतेकांनी पुढच्या वर्षी वर्गणी भरली आणि ते यादीत परत आले. पण नव्या नोंदीत जुन्या वर्षाची हजेरी नव्हती. १९९४ मधून गेले म्हणजे १९९२ ते १९९७ या सहा वर्षांत सलग पाच वर्षे कोणाचीच होत नाहीत. थकबाकी महिन्याला दोन-तीन रुपयांची होती.

त्यातली एक नोंद माझ्याजवळ लिहून आणली आहे. २२, २०, २४, १८, २१, २३, १९, २२, २०, १७, २१, १८. बेरीज २४५. हा माणूस २०११ साली वारला. त्याची पत्नी कचेरीत येऊन गेली होती, आणि यादीत नाव नाही म्हणून आम्ही तिला परत पाठविले होते. आता तिच्या घरी मी स्वतः गेलो. आकडे दाखविले. तिने विचारले, हे इतके दिवस कोठे होते? मी म्हटले, आमच्याच माळ्यावर. ४१ पैकी २९ जणांचे त्या वर्षी २४० दिवस भरतात, आणि त्यांचे दावे आम्ही पुन्हा दाखल केले आहेत.

आता थोडे पुराव्याविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे असा संगणकीय दस्तऐवज दाखल करताना त्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. एक भाग दाखल करणाऱ्याने आणि एक तज्ज्ञाने भरावयाचा. त्यात फाइलीचे हॅश मूल्य लिहितात. सबंध फाइलीवर गणिती क्रिया करून काढलेला हा एक लांबलचक आकडा असतो. फाइलीत एक अक्षर पालटले तरी तो पार बदलतो, म्हणून त्याला फाइलीच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. नक्कल निघाली की त्याच दिवशी हा ठसा काढून वहीत लिहून ठेवावा. आणखी एक सूचना : फाइलीवरील तारखेवर विसंबू नये. आमच्या काही फाइलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख होती. त्या दिवशी मी प्राथमिक शाळेत होतो. संगणकातील घड्याळाची बॅटरी संपली की तो त्या तारखेपासून मोजावयास लागे, एवढेच त्याचे कारण. पण विरुद्ध पक्षाचा वकील हे ऐकून घेण्यास बसलेला नसतो. म्हणून ज्यांच्या घरी त्या वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या आम्ही फाइलीतील आकड्यांशी ताडून जोडल्या.

पत्रव्यवहाराच्या फाइलींविषयी एक-दोन शब्द पुरेत. इंग्रजी पत्रे वर्डस्टारमध्ये होती. ती आज उघडली तर पुष्कळ शब्दांचे शेवटचे अक्षर विचित्र दिसते, कारण तो कार्यक्रम शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवून ठेवीत असे. ते वजा केले की पत्र वाचता येते. मराठीची गोष्ट अधिक अवघड आहे. आज मोबाइलवर आपण जी देवनागरी लिहितो ती युनिकोडची. पूर्वी दोन तऱ्हा होत्या. एक इस्की, म्हणजे सरकारने प्रमाण ठरविलेली लिपीची आकडेवारी, १९९१ ची. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर सरळ होते. दुसरी तऱ्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांची. तीत 'क' हे अक्षर म्हणून साठवीत नसत, काना, दांडी, वेलांटी असे तुकडे साठवीत, आणि प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे. कोणता फाँट होता हे ठाऊक असेल तर रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. म्हणून फ्लॉपीवरच्या चिठ्ठीत फाँटचे नाव लिहिलेले असेल तर ती चिठ्ठी जपावी. आमच्या चिठ्ठीवर नुसते 'महत्त्वाचे' असे लिहिलेले होते.

आता १९९५ ची फ्लॉपी. तिच्या जुळ्या प्रतीचे सर्व खण मिळाले, एक सोडून. ५१२ अक्षरांचा एक खण, म्हणजे आमच्या ६१ अक्षरांच्या नोंदींच्या हिशेबाने आठ-नऊ माणसे. आगेमागे उरलेल्या तुकड्यांवरून आणि तिकीट नंबरांच्या क्रमावरून ती नऊ माणसे कोण हे आम्ही ठरविले आहे. त्यांतील चौघांच्या घरी त्या वर्षाच्या पगाराच्या चिठ्ठ्या मिळाल्या. एकीच्या घरी त्या लग्नाच्या अल्बममध्ये, तर एकाच्या घरी धान्याच्या डब्याच्या तळाशी. पाच जण राहिले आहेत. तो खण आम्ही आतापर्यंत चार ड्राइव्हवर वाचून पाहिला. आता चकतीला विसावा दिला आहे, कारण त्या जागी लेप पातळ झालेला डोळ्यांना दिसतो, आणि एखाद्याच चांगल्या वाचनाइतके आयुष्य तिच्यात उरले असावे.

येथे जमलेल्या मंडळींपैकी कोणाच्या माळ्यावर जुना संगणक असेल आणि त्यात साडेतीन इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह अजून शाबूत असेल, तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी व्याख्यानमालेच्या चालकांकडे निरोप ठेवावा. मी येऊन घेऊन जाईन, आणि काम झाले की परत आणून देईन.